दुखत नाही म्हणून लपवलेल्या गाठीबद्दल : गावोगावच्या सरपंच ताईंना खुले पत्र

प्रति,
विदर्भातल्या गावोगावच्या महिला सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य ताई,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर 31 वर्षं नर्सबाई होते. आता निवृत्त आहे. तुमच्यातल्या काहींची बाळंतपणं माझ्या हातची असतील, काहींच्या लेकरांना मी पोलिओचे थेंब पाजले असतील. हे पत्र मी कलेक्टर साहेबांना किंवा मंत्र्यांना लिहू शकले असते. तुम्हाला लिहिते आहे, कारण मला जे मागायचं आहे ते द्यायला गावची ग्रामपंचायत पुरेशी आहे.

आधी घरचं सांगते. एका अंगणात आमच्या दोन चुली. एका घरात मी नर्स, दुसऱ्या घरात माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्या छातीत गाठ होती आणि सव्वा वर्ष त्यांनी ती कोणाला कळू दिली नाही. मलाही नाही. कापूस वेचायला निघताना ओटीचं फडकं बांधत होत्या, तेव्हा ती पहिल्यांदा बोटांना लागली. हरभऱ्याएवढी होती म्हणाल्या. मी पुढे विचारलं, बाई, तेव्हाच काहून नाही सांगितलं? तर म्हणाल्या, ‘‘दुखत नव्हती वं, मंग कायले सांगू? मले वाटलं कापूस निंघाला का पाहू.’’ कापूस निघाला, मग तूर आली. तूर झाली, मग पुतणीचं लग्न. लग्न झालं, मग पेरणी. मला दाखवली तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली होती, आणि गाठ बसावी म्हणून कोणीतरी दिलेल्या लेपाने तिथे जखम झाली होती. नागपूरला नेलं तोवर छातीचा कॅन्सर हाडात पोचला होता. त्यानंतर त्या 11 महिने जगल्या.

मी त्यांना दोष देत नाही. त्या गेल्यावर मी माझी नोकरी मनात पुन्हा उलगडून पाहिली. किती गरोदर माता, किती लसी, किती शस्त्रक्रिया, हे दर महिन्याला अहवालात भरत होते. पोटुशी बाईचं वजन, तिच्या रक्तातलं लोह, तिच्या पायावरची सूज, सगळं विचारत होते. छातीबद्दल मात्र एकच प्रश्न विचारला, दूध येतं का? शेवटचं लेकरू झालं, ऑपरेशन झालं, की ती बाई आमच्या रजिस्टरमधून निघून जायची. खरं तर या आजाराचा धोका तिथून पुढेच वाढत जातो.

आपल्याकडे ‘अंगावर काढणं’ म्हणतात. ताप अंगावर काढला, पांढरं पाणी अंगावर काढलं. बाई जितकं जास्त अंगावर काढेल तितकी ती सोशिक, चांगली. आपल्याच विदर्भात, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या 650 बायांना तपासलं होतं. 1989 साली ते जगापुढे आलं. 92 टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी कधी तरी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त 8 टक्के. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलं. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायांना विचारलं, कॅन्सरसाठी छातीची तपासणी कधी झाली का? देशभरात ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या 0.9 टक्के. शंभरात एकसुद्धा भरत नाही.

आणि आजार तर थांबलेला नाही. एकट्या 2022 साली आपल्या देशात सुमारे 1 लाख 92 हजार बायांना स्तनाचा कर्करोग झाल्याचा अंदाज आहे, आणि 98 हजारांहून जास्त बाया त्याने गेल्या. भारतातल्या बायांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये हा पहिल्या नंबरवर आहे. आपल्याकडे कॅन्सर म्हटलं की तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि तोंडाचा कॅन्सर, एवढंच डोळ्यांपुढे येतं. ते खरंच आहे, खर्रा सुटलाच पाहिजे. पण जिने आयुष्यात खर्रा तोंडात घातला नाही, ती समजते की आपल्याला कॅन्सरचं भय नाही.

मग कोणाला होतो? हा प्रश्न मला दर बैठकीत येतो, आणि विचारणाऱ्या बाईला बहुतेक वेळा ‘तुला नाही होत’ एवढंच ऐकायचं असतं. तसं मी म्हणू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हा आजार झालेल्या जवळपास निम्म्या बायांमध्ये, बाई असणं आणि वय चाळिशीच्या पुढे असणं, याशिवाय दुसरं कोणतंही ठळक कारण सापडत नाही. म्हणजे ही कोणाच्या पापाची फळं नाहीत, नजर लागलेली नाही, कोणी काही केलेलं नाही. छातीला मार लागल्याने हा होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने तो लागत नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाईचं ताट वेगळं केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

धोका वाढवणाऱ्या काही गोष्टी मात्र माहीत आहेत. पाळी फार लवकर येणं, फार उशिरा जाणं, मूल न होणं किंवा पहिलं मूल तिशीनंतर होणं. यातलं काहीच बाईच्या हातात नसतं, त्यामुळे कोणाला त्यावरून बोल लावू नये. आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कोणाला झाला असेल तर जपायला हवं. इथे एक गोष्ट सगळ्या विसरतात. आत्याला किंवा बापाच्या आईला झाला असेल तरी तो धरायचा. दोष बापाकडूनही येतो. मात्र शंभरातले पाच ते दहाच कॅन्सर असे रक्तातून आलेले असतात, म्हणून ‘आमच्या घरात कोणाले नाही’ यावर निश्चिंत राहता येत नाही.

हातातलं काय आहे? लेकराला अंगावर पाजणं. 30 देशांतल्या अभ्यासांची एकत्र मांडणी 2002 साली झाली, तिच्यात दिसलं की बाई जितके महिने पाजते, त्यातल्या प्रत्येक 12 महिन्यांमागे तिचा धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी उतरतो. आमच्या जाऊबाईंनी तिन्ही लेकरांना दोन-दोन वर्षं पाजलं होतं, तरी त्यांना झाला. पाजण्याने धोका कमी होतो, संपत नाही. पाळी गेल्यावर वजन वाढू न देणं हे दुसरं. पाळी थांबल्यावर अंगातली चरबीच ते संप्रेरक बनवत राहते, ज्यावर यातले बरेच कॅन्सर पोसले जातात. शेतात राबणाऱ्या बाईला मी व्यायाम काय सांगू? पण जिचं शेत सुटलं, जी आता दिवसभर घरी बसून असते, तिने रोज गावाबाहेरच्या देवळापर्यंत पायी जाऊन यावं. आणि दारू. मोहाची असो की बाटलीतली, पिणाऱ्या बाईचा धोका तिने वाढतो. पूर्व विदर्भातल्या ताईंना हे ऐकायला अवघड जाईल, पण लपवण्यासारखं काही नाही.

खरं सांगायचं तर, ताई, एवढं सगळं पाळूनही आजार पूर्ण टळेल असं नाही. आपल्या हातात त्याहून मोठी गोष्ट आहे, ती वेळ. देशातल्या 11 कर्करोग नोंदणी केंद्रांचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. आजार स्तनापुरताच असताना उपचार सुरू झालेल्या शंभरातल्या 81 बाया पाच वर्षांनंतरही जिवंत होत्या. आजूबाजूला पसरला असेल तर 65. दूर, हाडा-यकृतापर्यंत गेला असेल तर 18. हरभरा आणि लिंबू यांच्यातला फरक एवढा आहे. शेजारच्या गावातल्या एका बाईची गाठ तुरीच्या दाण्याएवढी असताना तिचा नवरा तिला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेला होता. आज सात वर्षं झाली. यंदा ती माझ्याच वावरात निंदायला होती.

आता कळण्याचं बघू. शहरात सांगतात, महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून स्वतःची तपासणी करा. आपल्या गावात आरसा असतो चौकटीला लटकवलेला, तोंड दिसेल एवढा. न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी कुडाच्या किंवा विटांच्या कमरेएवढ्या भिंती, चौथ्या बाजूला जुन्या लुगड्याचा पडदा. बाई अंगावर पातळ ठेवूनच आंघोळ करते, आणि आंघोळ म्हणजे चार तांबे. कित्येक बायांनी स्वतःचं उघडं अंग उजेडात पाहिलेलंच नसतं. ‘स्तन’ हा शब्दसुद्धा आपण पुस्तकातच वाचतो. आपण छाती म्हणतो, म्हाताऱ्या बाया थान म्हणतात, आणि तेही हळूच.

तरी पाहता येतं. पाळी सुरू झाल्यापासून सात ते दहा दिवसांनी, आणि पाळी गेलेल्यांनी महिन्याची एक तारीख धरून, साबणाच्या हाताने. एक हात डोक्यामागे घ्यायचा आणि दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं, टोकं नव्हे, बोटांची गादी, सपाट ठेवून गोल गोल फिरवत न्यायची. वर गळ्याच्या हाडापर्यंत आणि बाजूला थेट काखेत. काख सोडायची नाही. गाठ, छातीची बोंडी आत ओढली जाणं, बोंडीतून रक्ताळ पाणी येणं, कातडीला खळी पडणं, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, एका बाजूचा आकार अचानक बदलणं, न भरणारी जखम. यातलं काहीही दिसलं तर दुखण्याची वाट पाहायची नाही. सुरुवातीला ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून ती साधी, असं धरून आपल्या बाया बसून राहतात, आणि इथेच घात होतो.

हेही सांगा की तपासलेल्या गाठींपैकी बहुतेक कॅन्सरच्या नसतात. भीती घालून बाई दवाखान्यात येत नाही, ती आणखी लपते. आणि सुई टोचून गाठीचा तुकडा तपासला की आजार भडकतो, हे साफ खोटं आहे. या एका गैरसमजाने मी तीन बाया तपासणीच्या दारातून परत गेलेल्या पाहिल्या.

आपल्या हाताने पाहणं मात्र पुरेसं नाही. शिकलेल्या हाताने तपासायला हवं. तो हात डॉक्टरचाच पाहिजे असं नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 1998 साली तिथल्या वस्त्यांमध्ये एक काम सुरू केलं. 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून जास्त बाया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायांची छाती हाताने तपासत होत्या. मॅमोग्राफीचं, म्हणजे छातीचा एक्स-रे काढणारं, मशीन नव्हतं. 20 वर्षांचा हिशोब 2021 साली मांडला गेला. तपासणी झालेल्यांमध्ये आजार लवकरच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी होते. हे वाचलं त्या दिवशी मला झोप आली नाही. असे हात आमच्याकडे होते. प्रत्येक उपकेंद्रावर होते.

सरकारचा नियमही आहे. 2016 पासून 30 वर्षांवरच्या प्रत्येक बाईची छाती पाच वर्षांतून एकदा उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासायची, असं ठरलेलं आहे. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, त्यात छातीत गाठ आहे का, बोंडीतून रक्त येतं का, आकार बदलला का, हे प्रश्न छापलेले आहेत. पण ते विचारले जातात कुठे? अंगणात. ओसरीवर सासरा, चुलीपाशी सासू, दारात शेजारीण. तिथे कोणती सून ‘हो’ म्हणेल? आशाताई ‘नाही’वर खूण करते आणि पुढच्या घरी जाते. तिची चूक नाही, तिला आणखी चाळीस घरं करायची असतात. कागदावर गावातल्या सगळ्या बाया तपासलेल्या होतात आणि एकीच्याही अंगाला हात लागलेला नसतो.

म्हणून तुमच्याकडे आले आहे. 2011 पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्या झाल्या. मला माहीत आहे, काही गावांत सही ताईची आणि कारभार तिच्या मालकाचा चालतो. रस्त्याच्या, नळाच्या कामात ते खपत असेल. या विषयात तुमच्या वतीने दुसरं कोणी बोलू शकत नाही. इथे तुम्हालाच उभं राहावं लागेल.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हे कायद्यात आहे. पुष्कळ गावांत ती रजिस्टरवरच होते, अंगठे आणि सह्या घरोघर फिरून गोळा होतात. ती एकदा खरी घ्या. दार लावून घ्या. उपकेंद्राच्या नर्सबाईला बोलवा आणि तिला कापडाच्या गोळ्यावर बोटं कशी फिरवायची ते दाखवू द्या. हळदीकुंकवाला जोडून घेऊ नका, हे माझं कळकळीचं सांगणं आहे. हळदीकुंकवाला आपण ज्यांना बोलवत नाही, त्या विधवा बायाच वयाने पन्नाशी-साठीच्या असतात, आणि त्यांनाच या तपासणीची सगळ्यात जास्त गरज. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका आपल्या गावागावात आहेत. त्यांना ‘कशी आहेस’ विचारणारंसुद्धा घरात कोणी नसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 2022 साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि पुढे सरकारनेही त्याचं अनुकरण करायला सांगितलं. ठरावात एवढी ताकद असते.

ऑक्टोबरमध्ये शिबिर भरवू नका. जगभर तो महिना या आजाराच्या जागृतीचा मानतात, शहरात गुलाबी फिती लावतात. आपल्याकडे तेव्हा सोयाबीन सोंगणीला आलेलं असतं आणि कापसाचं बोंड फुटत असतं. त्या दिवसांत रोजी बुडवून कोणती बाई शिबिराला येईल? एका वर्षी आम्ही घेतलं होतं, मंडप टाकला, माईक लावला, सात बाया आल्या. त्यातल्या चार आमच्याच अंगणवाडीच्या होत्या. तुरी निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन तापायच्या आत घ्या. आणि सकाळी नव्हे, संध्याकाळी.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून उपकेंद्राची एक खोली नीट करा. खिडकीला पडदा, एक टेबल, वर चांगला दिवा. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी पुरुष असतील तर ते मनाने कितीही चांगले असोत, बाई त्यांच्यापुढे पदर काढणार नाही. तपासणी नर्सबाईनेच करावी, तिचा वार ठरवून गावात दवंडी द्यावी.

गाठ सापडली की खरा रस्ता तिथून सुरू होतो, आणि बाया त्या रस्त्यावर हरवतात. चिठ्ठी मिळते, ‘पुढे दाखवा’. पुढे म्हणजे कुठे? यवतमाळ, सेवाग्राम, की नागपूरचं मेडिकल, की तिथलंच राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय? जिने तालुक्याच्या पलीकडे एकटीने पाय टाकला नाही, ती ती चिठ्ठी डब्यात तांदळाखाली ठेवते. एसटीचं तिकीट आता बायांना अर्धं आहे, उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यायचं, अडलं तर 155388 या नंबरवर विचारायचं. एवढं तिला सांगणारी, पहिल्या खेपेला तिच्या बाजूच्या सीटवर बसणारी, रांगेत तिची पिशवी धरणारी एक बाई ग्रामपंचायतीने नेमावी. तिचा त्या दिवसाचा रोज ग्रामपंचायतीने द्यावा. मला विचाराल तर माझ्या सगळ्या मागण्यांत ही सोबत सगळ्यात मोठी. जाऊबाई मला म्हणाल्या होत्या, ‘‘तुले नोकरी होती, पोराले वावर होतं, मी कोणाच्या संगं जाणार होती?’’

आणि पुरुषांनाही सांगा, मोठ्या ग्रामसभेत, स्पष्ट शब्दांत. एक तर हा आजार क्वचित पुरुषालाही होतो, आजार झालेल्या शंभरांत एखादा पुरुष असतो, आणि त्याचा तर कोणी ओळखतच नाही. दुसरं, बायकोने गाठ सांगितली की ‘हंगाम झाल्यावर पाहू’ म्हणायचं नाही. बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो.

माझ्या तालुक्यातल्या कोणत्याही गावाने महिला सभा ठेवली तर मी येते. मानधन नको, शाल-श्रीफळ नको. कापडाचा गोळा माझ्याकडे आहे, आत तुरीचा दाणा, हरभरा आणि बोर शिवलेले आहेत, बोटांना फरक कळावा म्हणून. 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधीची तारीख कळवा. बायांना बसायला सतरंजी असली की झालं, आणि खोलीच्या दाराला आतून लागणारी कडी तेवढी आधी पाहून ठेवा. आमच्या उपकेंद्राच्या दाराची कडी मी रुजू झाले तेव्हाही तुटलेली होती आणि निवृत्त झाले तेव्हाही.

आपली,
एक निवृत्त नर्सबाई
जिल्हा यवतमाळ